सहा वाजताचं जेवण



ज्यांच्या घरी दीड ते चार वर्षांचं मूल आहे, किंवा कधीकाळी होतं, त्यांना संध्याकाळच्या जेवणाचं वर्णन करून सांगायची गरज नाही. एका हातात वरणभाताची वाटी, दुसऱ्या हातात फोन, फोनवर नाचणारी-गाणारी चित्रं, आणि ती बघता बघता मुलाचं तोंड जरा उघडलं की आत सरकवलेला घास. पाऊण तासानंतर थोडा भात पोटात, थोडा केसांत, थोडा गालिच्यावर, आणि उरलेला गार गोळा आई ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवते. आमची मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा हा प्रयोग आमच्या घरी रोज साडेसातला होत असे. मी त्याचा प्रेक्षकही नव्हतो. त्या सुमारास मी ऑफिसात असे, नाहीतर सदर्न क्रॉसहून टार्निटकडे निघालेल्या गाडीत.

घरी आलो की अहवाल मिळे, "आज काही खाल्लं नाही." त्यावर मी काय म्हणत असे ते लिहायची आता लाज वाटते, तरी लिहितो. मी म्हणत असे, "अगं, काहीतरी वेगळं करून बघ ना!" या एका वाक्यात सगळं आलं. करायचं तिनं, बघायचं तिनं, आणि फसलं तर चूकही तिचीच.

आपल्या गप्पांत स्त्री-पुरुष समानता हा तसा संपलेला विषय. सगळ्यांचं एकमत! भांडी आम्हीही घासतो, कचऱ्याचे डबे आम्हीच बाहेर ठेवतो. पण मूल जेवत नाही ही तक्रार निघाली की ती आपोआप आईच्या खात्यावर जमा होते. मग तिला पाककृती सुचवल्या जातात. पालक लपवलेला पराठा, बीट लपवलेली इडली, गाजर लपवलेला केक. (इतकी लपवालपवी इन्कमटॅक्सवालेही सहन करणार नाहीत.) माझं म्हणणं असं की पाककृती हा नंतरचा प्रश्न आहे. मुलाबरोबर टेबलाशी बसून, तेच अन्न, त्याच वेळी कोण खातंय, हा प्रश्न आधीचा आहे. आणि आपल्या बहुतेक घरांत त्याचं उत्तर 'कोणीच नाही' असं आहे.

हे मला सुचलं चाइल्डकेअरमुळे. तिथून रोज निरोप येई की आज दोनदा वाढून घेतलं. मसूर घातलेलं बोलोनेझ, भाजलेला लाल भोपळा, काकडी. घरी हाच भोपळा भिंतीवर जात होता! बायकोला आधी हे खोटं वाटलं, मग वाईट वाटलं. एकदा मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून मी दुपारी साडेअकरालाच तिथे पोचलो. बुटक्या टेबलाभोवती सहा मुलं बसली होती. मध्ये भांडी ठेवलेली, मुलं चिमट्यानं स्वतः वाढून घेत होती. त्यांच्यातच एका छोट्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाई तेच खात होत्या. कुणी कुणाला भरवत नव्हतं. एका मुलानं पावाखेरीज काही घेतलं नाही, तर त्याला कुणी छेडलंही नाही. पंचवीस मिनिटांत पंगत उठली. मला तिथे 'पंगत' हाच शब्द सुचला, आणि आपल्या घरी ती बसतच नाही हेही त्याच वेळी लक्षात आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन वर्षांची तपासणी होती. इथे व्हिक्टोरियात मूल साडेतीन वर्षांचं होईपर्यंत नर्सच्या दहा मोफत भेटी असतात, त्यांतली ही एक. बायको रडायच्या बेतानंच गेली होती. नर्सबाईंनी वजन केलं, वाढीच्या तक्त्यावर ठिपका काढला आणि मागचे सगळे ठिपके जोडून दाखवले. मुलगी स्वतःच्या रेषेवरून नीट चालली होती. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. दिवसाला दूध किती पिते? आणि तिच्याबरोबर कोण जेवतं?

पहिल्याचं उत्तर होतं सातशे-आठशे मिली. 'जेवली नाही ना, मग निदान दूध तरी' या हिशेबानं दिवसातून तीनदा मोठी बाटली. आता एवढं दूध प्यायल्यावर त्या एवढ्याशा पोटात वरणभात जाणार कुठे? पहिल्या वाढदिवसानंतर गाईचं दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या वर नको असं इथले तज्ज्ञ सांगतात. दुधात लोह जवळपास नसतंच, आणि ते लोह असलेल्या अन्नाची जागा अडवतं. दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये रक्तातलं लोह कमी होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. 'दूध म्हणजे पूर्णान्न' या वाक्यावर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं, पण आहे ते असं आहे.

वजनाचं गणितही आपण एकदा मांडून बघावं. तीन-सव्वातीन किलोचं जन्मलेलं बाळ पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं. त्याच वेगानं वाढत राहिलं तर दुसऱ्या वाढदिवसाला ते तीस किलोचं व्हायला हवं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. म्हणजे भूक मंदावते ती निसर्गनियमानं, आईच्या हाताची चव बिघडल्यामुळे नव्हे. नेमक्या याच वयात मुलांना अनोळखी अन्नाचा संशय येऊ लागतो. नुकत्याच चालायला लागलेल्या पोरानं दिसेल ते पान आणि फळ तोंडात घालू नये अशी ही सोय असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि "हे तक्ते गोऱ्यांच्या मुलांचे, आपली मुलं मुळातच बारीक" असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जाहीर केलेले वाढीचे मापदंड सहा देशांतल्या मुलांवरून बनवलेले आहेत. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. चांगलं पोषण आणि चांगली परिस्थिती मिळाली तर लहानपणी सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, हाच त्या अभ्यासाचा निष्कर्ष.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकोनं दिलं, "कोणीच नाही." ते तिनं घरी येऊन मला सांगितलं, आणि त्यापुढे एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि भरवण्याची मुख्य सूत्रं तिच्याच हाती होती. चिऊचा घास, काऊचा घास, मग बागुलबुवा, मग फोन. ताटात एक शीत राहिलेलं तिला चालत नसे. माझ्या बायकोला याचा त्रास होई, पण सासूला सांगणार कोण? मी तर घरात नसायचोच. एका रविवारी मीच विषय काढला. "आई, नाही खाल्लं एक वेळ तर काय होईल गं?"

ती म्हणाली, "तुला काय ठाऊक, न खाल्ल्यानं काय होतं ते?"

माझी आई बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि तिथे मिळणारी सुकडी पदराला बांधून घरी आणी. चार भावंडांत तिची वाटणी व्हायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव आईच्या तोंडातून अजून गेलेली नाही. ती भाकरी नको म्हणण्याची चैन कोणालाही नव्हती. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. पण टार्निटमधल्या उंच खुर्चीत बसलेल्या नातीनं घास थुंकला की आईच्या पोटात नेमका कसला गोळा येतो, हे मला तोवर कळलं नव्हतं. तिच्या हातातला चमचा १९७२ सालचा होता. तिला 'जुन्या वळणाची' म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी ते अनेक वर्षं करत आलो होतो.

तरीही चमचा खाली ठेवायलाच हवा होता. कारण उपाशी राहण्याची भीती ही एक गोष्ट आणि भरल्या घरातलं मूल ही दुसरी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीबद्दल माहिती बरीच जुनी आहे. शिकागोच्या क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०-३०च्या दशकांत नुकत्याच दुधावरून अन्नावर येणाऱ्या पंधरा मुलांवर एक प्रयोग केला. मुलांपुढे साधी, न मिसळलेली, साखर न घातलेली अन्नं वेगवेगळ्या वाट्यांत मांडायची. यादी चौतीस पदार्थांची होती. शेजारी चमचा घेऊन बसलेल्या नर्सनं काही सुचवायचं नाही, मूल ज्या वाटीकडे हात करेल तेवढंच द्यायचं. मुलं एका वेळी नुसती अंडी खात, दुसऱ्या वेळी नुसती फळं. पण महिन्यांचा हिशेब केला तर सगळी धट्टीकट्टी झाली. १९३९ साली निष्कर्ष मांडताना बाईंनी स्वतःच सांगितलं की यातली खरी गोम पदार्थांच्या यादीत आहे. यादी मोठ्यांनी केली होती. चौतिसांत बिस्किटं आणि चॉकलेटं असती तर निकाल वेगळा लागला असता.

पुढे एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात हाच धागा कामाच्या वाटणीसारखा मांडला. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांचं काम. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाचं काम. एकानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. मुलाची भूक ओळखून, सक्ती न करता भरवावं, अशी शिफारस आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. आपल्याला खरं तर हे परकं वाटायला नको. मुलाला धाक न दाखवता त्याच्या कलानं शिकू द्यावं, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला रुजवला त्याला कित्येक दशकं झाली. पाटी-पेन्सिलीच्या बाबतीत आपण तो मान्य केला. ताटाच्या बाबतीत राहूनच गेला.

मग आम्ही काय केलं? पहिला बदल वेळेचा. आपली रात्रीची जेवणं साडेआठची, आणि दोन वर्षांचं मूल सात वाजता झोपेनं पेंगुळलेलं. त्यामुळे त्याचं ताट वेगळं, वेळ वेगळी आणि भरवणारं माणूस कामाला लावलेलं. इथले लोक सहाला जेवतात म्हणून मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो. आता आम्ही सहाला जेवतो. सगळे, एकदम. दूध कपातून आणि जेवणानंतर. फोन दुसऱ्या खोलीत.

सहाला जेवायचं तर मला पाचच्या आधी ऑफिसातून सुटायला हवं होतं. इथे माझी खरी परीक्षा होती. आपल्यापैकी किती बाप्यांना ठाऊक आहे मला माहीत नाही, पण फेअर वर्क कायद्यानुसार २०१० पासून लहान मुलांच्या पालकांना कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे. एका ठिकाणी वर्षभर नोकरी झालेली असावी आणि मूल शाळकरी वयाचं किंवा त्याहून लहान असावं. मालकानं एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आणि नकार द्यायचाच तर व्यवसायाचं सबळ कारण सांगायचं. जून २०२३ पासून तर अशा नकाराविरुद्ध फेअर वर्क कमिशनकडे दाद मागता येते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनाही हा कायदा लागू आहे. कायद्यात 'आई' असा शब्द नाही, 'पालक' असा आहे. मी अर्ज केला, आठवड्यातले तीन दिवस साडेसात ते साडेतीन मागितले, आणि साहेबानं दोन ओळींच्या ईमेलमध्ये ते मंजूर केले. एवढं सोपं होतं! माझ्या बायकोनं आपली नोकरी तीन दिवसांवर आणली होती त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिच्या त्या अर्जाची आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नव्हती. तो गृहीत धरलेला होता.

ज्यांची रात्रपाळी असते, जे टॅक्सी चालवतात, त्यांना हे जमणार नाही हे मला कळतं. मग सकाळची न्याहारी एकत्र करावी, किंवा शनिवार-रविवार तरी धरावेत. पण आपल्यातले कितीतरी जण सातपर्यंत ऑफिसात बसतात ते काम असतं म्हणून नव्हे, घरी साडेसातचा प्रयोग चालू असतो म्हणून. मी त्यातलाच होतो.

आता ताटाबद्दल. मुलांसाठी वेगळं काही शिजत नाही. तिखट घालण्याआधी तिच्यापुरती आमटी किंवा भाजी काढून ठेवायची, एवढंच. आणि आपली ताट वाढायची जुनी पद्धत या वयाला फार सोयीची आहे, हे मला इतक्या उशिरा कळलं! मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मध्ये, वरण वाटीत. सगळं सुटं. या वयाच्या मुलांना कालवलेलं, ओळखू न येणारं काही नको असतं, आणि आपण नेमका सगळ्याचा लगदा करून भरवतो. आता तिच्या ताटात प्रत्येक पदार्थ चमचाभर असतो आणि भात किंवा दही यांतलं एक नक्की असतं, म्हणजे ती उपाशी उठत नाही. लिंबू पिळलं की डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी जास्त लागतं, हा वरणभातावरच्या लिंबाचा आणखी एक फायदा. अंडं घरात शिजतं, मासे शुक्रवारी. आईचं ताट शाकाहारी, आणि त्यावरून कुणी कुणाला शिकवत नाही. मटकीच्या उसळीला मुलीनं पहिले नऊ दिवस हात लावला नाही. अकराव्या वेळी एक मटकी उचलून निरखून पाहिली आणि परत ठेवली. एखादा नवा पदार्थ मुलं स्वीकारतात त्याआधी तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. आपण तिसऱ्याच वेळी 'हिला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो.

दाण्याच्या कुटाबद्दल लोक हमखास विचारतात. इथल्या बऱ्याच चाइल्डकेअरमध्ये डब्यात दाणे चालत नाहीत, म्हणून घरीही पहिली दोन-तीन वर्षं कूट टाळणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. सल्ला नेमका उलटा आहे. लंडनमधल्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला तर त्याची ॲलर्जी फार कमी होते. त्यानंतर २०१६ पासून ऑस्ट्रेलियातही पहिल्या वाढदिवसाआधीच तो सुरू करायला सांगतात. अर्थात कुटाच्या किंवा लोण्याच्या रूपात. अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नको, घशात अडकतो. आणि बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. सगळंच 'नखरे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. वजनाची रेष खाली घसरत असेल, गिळताना ठसका लागत असेल, जेमतेम सात-आठ पदार्थ उरले असतील आणि तेही कमी होत असतील, तर जीपीकडे जावं, लोह तपासून घ्यावं, आहारतज्ज्ञ गाठावा. काही मुलांना अन्नाचा स्पर्श आणि वासच सहन होत नाही. त्यांच्या आईबापांना माझ्यासारख्यानं 'एकत्र जेवा' असं सांगणं हा उद्धटपणा होईल.

आमच्याकडे काही चमत्कार झाला नाही. पहिला आठवडा फार वाईट गेला. मुलगी दोन संध्याकाळी नुसतं दही खाऊन उठली. आईनं पदर डोळ्यांना लावला. बायकोनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरून ठेवला होता, बहुधा मी उठून फोन आणू नये म्हणून. सगळ्यात अवघड गेलं ते आईला. भरवायचं नाही, वाढायला उठायचं नाही, आपण बसून खायचं! आयुष्यात तिनं गरम भाकरी सगळ्यांबरोबर बसून खाल्ली नव्हती. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग उरलेलं. ती दोनदा उठली, दोनदा मी तिला बसवलं. मग तिनं ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करली आणि मान खाली घालून खाऊ लागली. मुलीनं बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीतून वाकून आजीच्या ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, आई तेव्हा श्वाससुद्धा घेत नव्हती.

आई आता परत गेली आहे. आमचे सहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिथे दीड वाजलेला असतो. जेवताना फोन नाही हा नियम रविवारपुरता मोडतो. तिचं ताट तिकडे, आमचं इकडे. मागच्या रविवारी तिच्या मागे माझे वडील स्वतःचं ताट वाढून घेताना दिसले, आमटीची वाटी शोधत होते. मुलीनं विचारलं, "आजी, तुझी भाकरी संपली?" आई म्हणाली, "नाही गं, आत्ताच तर बसले."